आकडे झाकून ठेवा: हायपोथिसिस टेस्टिंगच्या सरावात मला उशिरा कळलेली गोष्ट

"ही दिशा तुम्ही कधी ठरवलीत? वजनं करायच्या आधी की नंतर?"

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं आणि आम्ही चौघी गप्प झालो. टी-टेस्टचं (नमुन्याची सरासरी ठरलेल्या आकड्यापासून खरंच दूर आहे का, हे बघणाऱ्या चाचणीचं) सूत्र आम्हाला पाठ होतं, टेबल कसं बघायचं तेही येत होतं. प्रश्न त्यातला नव्हताच. मॅडम रागावल्या नाहीत. रिपोर्टमधल्या एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली आणि पान उलटलं. त्या रेघेपाशी मी का अडकले हे नीट समजायला मला पुढचे कित्येक महिने लागले. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. नल, अल्टरनेटिव्ह, पी-व्हॅल्यू हे शब्द तुम्ही वर्गात ऐकले आहेत असं धरून चालते. आठवण म्हणून एवढंच: नल म्हणजे "फरक नाही" हे गृहीतक, अल्टरनेटिव्ह म्हणजे त्याच्या विरुद्धचा दावा, आणि पी-व्हॅल्यू म्हणजे नल खरी असताना आपल्याइतका किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता.

आमचा प्रोजेक्ट साधा होता. आमच्या गल्लीतल्या एक काकू बचत गटात शेंगदाण्याची चटणी करतात. पाकीट 200 ग्रॅमचं, भरायचं हाताने, वजन साध्या काट्यावर. काकूंना एवढंच जाणून घ्यायचं होतं की पाकिटं बरोबर भरली जाताहेत का. जास्त गेली तर गटाचं नुकसान, कमी गेली तर गिऱ्हाईक तुटणार. आम्ही 15 पाकिटं घेतली आणि रिकाम्या पिशवीचं वजन वजा करून लॅबच्या काट्यावर चटणी मोजली. सरासरी आली 199.0 ग्रॅम, प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते) 2.04.

मग मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: नल, म्यू (सगळ्याच पाकिटांचं खरं सरासरी वजन) बरोबर 200. अल्टरनेटिव्ह, म्यू 200 पेक्षा कमी. मॅडमनी रेघ मारली ती याच ओळीखाली, आणि दिशा म्हणजे हेच "कमी".

पुढचं गणित बरोबर होतं. 15 चं वर्गमूळ 3.873, त्याने 2.04 ला भागलं की 0.527. 199 वजा 200 म्हणजे उणे 1, त्याला 0.527 ने भागलं की टी उणे 1.90. डिग्रीज ऑफ फ्रीडम (नमुन्याच्या संख्येतून एक वजा) 14, पातळी (नल खरी असताना ती चुकून नाकारण्याची मुभा) 5 टक्के, एका बाजूच्या चाचणीसाठी टेबलातला आकडा 1.761. आमचा 1.90 त्याच्या पलीकडे, म्हणून नल रिजेक्ट. रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात लिहिलं की पाकिटांचं सरासरी वजन 200 ग्रॅमपेक्षा कमी आहे. त्याची एक प्रत काकूंना देऊनही आलो.

आता काकूंचा प्रश्न पुन्हा वाचा. "बरोबर भरली जाताहेत का?" यात कमीही येतं आणि जास्तही. म्हणजे चाचणी दोन्ही बाजूंची हवी होती, आणि 14 डिग्रीजला दोन्ही बाजूंच्या चाचणीचा आकडा 2.145 आहे. 1.90 तिथपर्यंत पोचत नाही. त्याच पाकिटांवर, त्याच वजनांवर नल रिजेक्ट होत नाही. "कमी आहे का?" असं काकूंनी विचारलंच नव्हतं. तो प्रश्न मला 199.0 या आकड्याने सुचवला, आणि जो आकडा प्रश्न सुचवतो त्याच आकड्याकडून मी उत्तरही घेतलं.

तुम्ही म्हणाल, दिशा बरोबरच तर होती, सरासरी कमीच आली होती ना! मीही हेच म्हणत होते. म्हणून इथे जरा थांबते, कंटाळा आला तरी वाचा.

समजा सरासरी 201 आली असती. मी काय लिहिलं असतं? अल्टरनेटिव्ह, म्यू 200 पेक्षा जास्त. आणि पुन्हा तोच 1.761 वापरला असता. म्हणजे पाकिटं अगदी बरोबर भरलेली असतानाही, खालच्या बाजूला चुकून रिजेक्ट करण्याची 5 टक्के वाट मी उघडी ठेवली होती आणि वरच्या बाजूलाही 5 टक्के. कागदावर 5 टक्के लिहून मी प्रत्यक्षात 10 टक्क्यांवर चालत होते. आकडे बघून दिशा ठरवणाऱ्या प्रत्येकाचं हेच होतं, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

टेबलांवर विश्वास बसत नसेल तर नाणं घ्या. मला खरं पटलं ते इथेच. नाणं 16 वेळा उडवलं तर छापा-काट्याचे 65,536 क्रम होऊ शकतात. त्यांपैकी 12 किंवा त्याहून जास्त छापे असलेले क्रम 2,517. हे हाताने मोजता येतं: 1820, 560, 120, 16 आणि 1 यांची बेरीज. भागाकार केला की 3.84 टक्के. आता "हे नाणं छाप्याकडे झुकतं का?" असं उडवायच्या आधी ठरवलं असेल, तर 12 छापे पडल्यावर 5 टक्क्यांच्या पातळीवर नल रिजेक्ट करायचा हक्क तुम्हाला आहे. पण आधी उडवलं, मग जे जास्त पडलं त्याच्या बाजूने शंका घेतली, तर 12 काटे पडले असते तरी तुम्ही तेच केलं असतं. म्हणून ते 2,517 क्रमही मोजायला हवेत. 5,034 क्रम, 7.68 टक्के. पाचाच्या वर गेलं. चांगल्या नाण्यावर संशय घेण्याची शक्यता दुप्पट झाली, आणि ती तुमच्या वहीत कुठेच दिसत नाही. गणितात चूक सापडली असती तर सरांनी लाल शाई लावली असती. ही चूक गणितात नसतेच.

एकदा हे बसलं की संख्याशास्त्रज्ञ फिशरची चहाची गोष्ट वेगळी वाटायला लागते. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाई होत्या. कपात आधी दूध घातलंय की चहा, हे चवीवरून ओळखता येतं असं त्या म्हणत. फिशरने अशाच प्रयोगाची मांडणी 1935 च्या आपल्या पुस्तकात केली: आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. आठांतून चार निवडायचे 70 प्रकार, म्हणून निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता 70 त एक, साधारण 0.014. चारांपैकी किमान तीन बरोबर येण्याची शक्यता मात्र 70 त 17, जवळजवळ 0.24, म्हणजे एक कप चुकला की पुरावा गेलाच. वर्गात ही गोष्ट सांगतात तेव्हा सगळा भर त्या 70 वर असतो. मला त्यातली जास्त महत्त्वाची वाटते ती वेळ. किती बरोबर आले तर मानायचं, हे पहिला घोट घ्यायच्या आधी ठरलेलं असतं.

आता सराव कसा करायचा. पुस्तकातलं उदाहरण उघडलं की आकड्यांवर हात ठेवा. खरोखर तळहात ठेवा, किंवा पोस्टकार्डाएवढा कागद. फक्त प्रश्न वाचा आणि तो मराठीत एका वाक्यात लिहा. "यंत्र बदलल्यावर वेळ बदलला का?" दोन्ही बाजू. "कंपनी म्हणते बल्ब किमान 1000 तास चालतो, आम्हाला शंका आहे" याची एक बाजू, खालची, कारण शंका प्रश्नातच आहे. मग नल, अल्टरनेटिव्ह, पातळी आणि टेबलातला आकडा लिहून त्याखाली आडवी रेघ ओढा. रेघ ओढल्यावरच हात काढायचा. रेघेच्या वर मागाहून काहीही बदलायचं नाही. अशी तीस-चाळीस उदाहरणं गणित न करता सोडवा. मी त्यानंतर महिनाभर कॅल्क्युलेटरला हातसुद्धा लावला नव्हता.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे जास्तच करा. मी दहावीपर्यंत मराठीत शिकले. इंग्रजी प्रश्नातलं "किमान" आणि "जास्तीत जास्त" माझं कायम उलटं व्हायचं, आणि मग घाईने सरासरीकडे बघून दिशा ठरवायची सवय लागली. ही सवय हुशारीच्या अभावातून येत नाही, भाषेच्या भीतीतून येते. आधी मराठीत वाक्य लिहिलं की ती भीती बरीचशी जाते, आणि परीक्षेत त्या वाक्याला दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. हायपोथिसिसमध्ये नमुन्याची सरासरी लिहू नका. ती तर तुम्हाला माहीत आहे, तिची चाचणी कशाला? बरोबरचं चिन्ह नलमध्ये. कॅल्क्युलेटरवर प्रमाण विचलन दोन प्रकारचं मिळतं, आपल्याला एन वजा एकने भागलेलं हवं. एक्सेलमध्येही तशी दोन वेगळी फंक्शन्स आहेत. पी-व्हॅल्यू म्हणजे "नल खरी असण्याची शक्यता" नव्हे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 मध्ये निवेदन काढून हे सांगावं लागलं, तेव्हा तुमचा गोंधळ झाला तर मनाला लावून घेऊ नका.

"एन (नमुन्यातली संख्या) तीसपेक्षा मोठा तर झेड-टेस्ट, नाहीतर टी" हा मंत्र मात्र मला अजिबात आवडत नाही. समष्टीचं (ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या गटाचं) प्रमाण विचलन माहीत नसेल तर टी वापरा, विषय संपला. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने 1908 मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने टीचा पाया घालणारा निबंध लिहिला तो लहान नमुन्यांची हीच अडचण सोडवायला. तीसच्या नमुन्यालाही टीचा आकडा 2.045 आहे, झेडचा 1.96. फरक लहान आहे, पण मंत्रामुळे विचार करणं थांबतं आणि ते नुकसान मोठं आहे. "कोणती टेस्ट लावू" असे बाण काढलेले तक्तेही तसेच. बाणांच्या मागे धावून उत्तर येतं, पण प्रश्न कोणता होता हे विचारलं की माणूस अडकतो.

सीनियरचं जर्नल उतरवू नका. मी उतरवलं होतं. त्यात सगळ्या अल्टरनेटिव्ह बरोबर लिहिलेल्या होत्या, म्हणून मला एकदाही ठरवावी लागली नाही, आणि तोंडी परीक्षेत पहिल्यांदा ठरवायची वेळ आली तेव्हा मी रिकामी होते. सॉफ्टवेअरही थोडं उशिराच घ्या. आर या सॉफ्टवेअरमध्ये टी-टेस्ट चालवली की ती मुळात दोन्ही बाजूंची असते, हे चांगलं आहे. पण दिशा बदलायला एक शब्द पुरतो, आणि तो शब्द तुम्ही निकाल बघून बदललात की बघायच्या आधी, हे मशीन विचारत नाही.

विचारणारा माणूस लागतो. उत्तर बरोबर आल्यावरही "हे का घेतलंस?" म्हणणारे सर किंवा मॅडम मिळाले तर त्यांना सोडू नका, त्यांच्या तासाला भीती वाटली तरी पुढच्या बाकावर बसा. भराभर सोडवून दाखवणारे शिक्षक मला त्या वेळी फार आवडायचे. आज वाटतं, त्यांच्या तासाला सगळे निर्णय त्यांनी घेतले आणि मी फक्त भागाकार शिकले.

तोंडी परीक्षेनंतर मला काकूंकडे जावं लागलं. मार्क गेले त्याचं काही नाही, पण आमचा कागद वाचून त्यांनी गटातल्या दोघींना वजनावरून बोल लावला होता. मी त्यांना सांगितलं की निष्कर्ष माझ्या चुकीने निघाला होता, आणि पुन्हा मोजायची परवानगी मागितली. जुनी 15 पाकिटं मोजणीत धरली नाहीत. त्यांना बघूनच तर माझी दिशा ठरली होती. या वेळी काकूंच्या ओट्यावर बसून, पाकिटांना हात लावायच्या आधी वहीत लिहिलं: म्यू बरोबर 200, म्यू 200 नाही, पातळी 5 टक्के, नमुना 30, आकडा 2.045. खाली रेघ.

सरासरी आली 199.8, प्रमाण विचलन 2.1. टी उणे 0.52. रिजेक्ट नाही. "म्हणजे बरोबर आहेत ना?" काकूंनी विचारलं. पाकिटं बरोबर आहेत हे सिद्ध झालं असं यावरून म्हणता येत नाही, चुकीची आहेत असा पुरावा मिळाला नाही एवढंच म्हणता येतं. हे त्यांना सांगताना मला पहिल्यांदा कळलं की पुस्तकं "नल मान्य" असं म्हणायला का कचरतात.

मग त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर टी-टेस्टकडे नव्हतंच. "मग खरं वजन कितीच्या आसपास असेल, ते सांग की." मी त्याच आकड्यांवरून मांडलं: 2.1 ला 30 च्या वर्गमुळाने भागून 0.383, गुणिले 2.045, म्हणजे 0.78. 199.8 च्या दोन्ही बाजूंना तेवढं घेतलं की 199.0 ते 200.6. "एक पाकीट नव्हे, सरासरी," मी म्हटलं. काकूंनी मान हलवली आणि दोघींना हाक मारून तो कागद त्यांच्यासमोर वाचून दाखवला.