विस्कटलेल्या क्लिप, पुन्हा लावलेला प्रयोग

वर्गात व्हिडिओ एडिटिंग आणायचं असेल तर सुरुवात चित्रीकरणापासून करू नका. सगळा तास त्यातच जातो. चित्रीकरण शिक्षकाने आधीच उरकावं. मुलांनी फक्त कापायचं आणि जोडायचं, कारण खरा विचार तिथेच होतो.

वाळू आणि मीठ वेगळं करण्याचा प्रयोग घ्या. फोन आडवा धरून, स्टँडवर लावून ८ ते १० सेकंदांच्या क्लिप घ्या: मिश्रण पाण्यात टाकणं, ढवळणं, गाळणं, गाळणकागदावरची वाळू, द्रावण तापवणं, तळाशी उरलेलं मीठ. एक बिनकामाची क्लिपही घाला, मिश्रणावरून लोहचुंबक फिरवण्याची. मग फाइलींची नावं बदलून क्रम मोडा. फोनने दिलेल्या नावात बहुधा वेळ असते आणि फोल्डर तारखेप्रमाणे लावला की उत्तर समोर येतं. म्हणून क्लिप एडिटरमधून उलटसुलट क्रमाने पुन्हा एक्सपोर्ट करून, म्हणजे नव्या व्हिडिओ फाइली बनवून द्या.

शॉटकट हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे खालच्या पट्टीवर ओढायच्या, त्यावरची उभी रेघ हवी तिथे आणून 'एस' दाबलं की तुकडा होतो. नको तो तुकडा निवडून 'एक्स' दाबलं की तो जातो आणि मागची जागा भरून निघते. पहिल्या तासाला एवढंच पुरे. इफेक्ट आणि ट्रान्झिशन (एका क्लिपवरून दुसरीवर जाण्याच्या करामती) दाखवूच नका, नाहीतर मुलं त्यातच रमतात.

एका संगणकावर तिघं: एकाकडे माऊस, एकाकडे वही, एकाकडे घड्याळ, दर १० मिनिटांनी अदलाबदल. एखाद्या गटाने तापवणं गाळण्याआधी ठेवलं तर लगेच दुरुस्त करू नका. तोच व्हिडिओ सगळ्यांना दाखवा आणि विचारा, भांड्यात शेवटी काय उरेल? पाणी उडून गेल्यावर वाळू आणि मीठ पुन्हा एकत्रच, हे मुलांच्याच तोंडून येतं. लेखी परीक्षेत ही चूक इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

पुढच्या तासाला ट्रॅकवरच्या स्पीकरच्या खुणेने मूळ आवाज बंद करून निवेदन घाला. एका मिनिटाला १०० ते १२० शब्दांच्या पुढे जाऊ नका. ध्वनिमुद्रण फोनवर, तोंडापासून वीतभर अंतरावर. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो.

अडचणी बहुधा ठरलेल्याच. काम सेव्ह केलं की होणाऱ्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, त्याचा फक्त पत्ता असतो. क्लिप पेनड्राइव्हवर ठेवून काम केलं आणि पेनड्राइव्ह काढला की फाइल सापडत नाही. आधी सगळं संगणकावरच्या एका फोल्डरात उतरवा, प्रोजेक्टही तिथेच सेव्ह करा. फोनच्या व्हिडिओचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, बहुधा बदलता असतो, त्यामुळे आवाज आणि ओठ जुळेनासे होतात. शॉटकट रूपांतर करू का विचारतं तेव्हा हो म्हणा. संगणक अडखळत असेल तर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, चालू करा. शीर्षकात जोडाक्षरं तुटली तर फाँट बदलून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या.

आणि सेव्ह म्हणजे व्हिडिओ तयार झाला असं नव्हे. एमपी४ मध्ये एक्सपोर्ट करावं लागतं, त्यासाठी तासाची शेवटची १० मिनिटं राखून ठेवा.