कुरण राखायचं तर आधी गुडघे टेका

उभ्याने पाहिलं की कुरण म्हणजे नुसतं गवत दिसतं. म्हणून खाली बसा. चार काठ्या जोडून एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. ती कुठे ठेवायची ते डोळ्यांवर सोडू नका, हात आपसूक फुलांकडे जातो. कुरणाच्या नकाशावर घरं पाडा, चिठ्ठ्या टाका आणि निघेल त्या घरात चौकट ठेवा. कोपऱ्यांवर खुंट्या ठोका, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच सुमाराला तीच जागा मोजता येईल.

आत रुजलेली प्रत्येक जात वहीत लिहा. नाव येत नसेल तर ‘अनोळखी १’ लिहून फोटो काढा. गवतं अवघड वाटतात, पण फुलोरा नसतानाही पातं खोडापासून सुटतं तिथली जिभिका भिंगातून बघता येते. कुठे तो पातळ पापुद्रा असतो, कुठे नुसती केसांची झालर. एकदा हे दिसायला लागलं की ‘सगळं गवत सारखंच’ असं तुम्ही पुन्हा म्हणणार नाही.

आता माती. चौकटीबाहेर, माती ओलसर असताना, २० सेंटिमीटर लांब, रुंद आणि तेवढाच खोल चौकोन कापा. माती कापडावर चाळून गांडुळं मोजा, मग ती परत आत सोडून वरची गवताची ढेप जागेवर दाबून बसवा. बारीक जिवांसाठी नरसाळं लागतं: आत जाळी, जाळीवर मातीचा गड्डा उलटा, वर बल्ब आणि खाली अल्कोहोलची बाटली. माती वरून सुकत जाते तसे स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बिनपंखी बारीक जीव) आणि माइट (कोळ्यांच्या जातकुळीतले बारीक जीव) खाली सरकत बाटलीत पडतात. बल्ब मंदच हवा. माती झटकन तापली तर ते वाटेतच मरतात आणि बाटली रिकामी राहते.

माती तपासून घ्याच. अहवालात फॉस्फरस कमी आला की लोक काळजीत पडतात, मी मात्र खूश होते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८५६पासून एकाच कुरणाच्या तुकड्यांना वेगवेगळी खतं दिली जात आहेत. सर्वाधिक जाती बिनखताच्या तुकड्यांत टिकल्या. कारण साधं आहे: खतावर चार दांडगी गवतं माजतात आणि बुटक्या झाडांचं ऊन अडवतात. तेव्हा शेणखतसुद्धा नको.

कापणी बी पिकल्यावर करा. कापलेलं गवत दोन-तीन दिवस तिथेच उलटसुलट वाळू द्या, बी झडू द्या, मग मात्र सगळं उचला. हे उचलणं लोक हमखास टाळतात. पडून राहिलेलं गवत कुजतं आणि मातीला खतच मिळतं. कापायला मधून सुरुवात करून कडेकडे या, प्राण्यांना पळायला वाट राहते. एक पट्टा न कापता ठेवा, किड्यांची अंडी आणि कोष तिथे तगतात. दरवर्षी पट्टा बदला.

नांगर फिरवू नका, मुळांना जोडलेलं बुरशीचं जाळं तुटतं. आणि कुणी हौसेने रोपं घेऊन वृक्षारोपणाला आलं, तर त्यांना नम्रपणे दुसरी जागा दाखवा.

जाती कमीच निघाल्या तर पाकिटातलं मिश्र बी आणू नका. जवळच्या, तशाच मातीच्या जुन्या कुरणातलं बी धरलेलं ताजं गवत परवानगीने आणा आणि आपल्याकडे थोडी माती उघडी करून त्यावर पातळ पसरा.