वीज दराच्या सुनावणीत हरकत कशी टाकायची, आणि त्यात नेमकं काय मागायचं

विजेच्या टंचाईची बातमी आली की घाबरून 25-25 वर्षांचे वीज खरेदी करार पुढे सरकतात, म्हणून हे लिहितोय. दाभोळचा वीज प्रकल्प आठवा. 1993 ला टंचाईच्याच धास्तीत वीज मंडळाने एनरॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ कंपनीशी करार केला, 1999 ला प्रकल्प सुरू झाला आणि 2001 ला मंडळाने ती वीज घेणंच बंद केलं, परवडतच नव्हती. अशा करारात मेख एकच असते, वीज घ्या नाहीतर नका घेऊ, प्लांटचा स्थिर खर्च, म्हणजे बांधणीचं कर्ज, देखभाल असा ठरलेला खर्च, द्यावाच लागतो. करार नकोतच असं मी म्हणत नाहीये, रात्री बाराला मोटर चालू करायला शेतात जावं लागतं त्यांना वीज हवीच आहे, फक्त सगळं एकाच करारात अडकवू नका एवढंच.

आता काम. महावितरणने वीज नियामक आयोगाकडे (दर ठरवणारी आणि सुनावणी घेणारी संस्था) दराची याचिका टाकली की पेपरात जाहीर नोटीस येते, त्यात हरकतीची शेवटची तारीख असते, ती आधी लिहून ठेवा. याचिका महावितरणच्या साइटवर मिळते, सारांश मराठीतही असतो. पण सारांशावर थांबू नका, वीज खरेदीचा तक्ता उघडा. त्यात एकेका प्लांटसमोर किती युनिट घेणार, स्थिर खर्च किती, युनिटमागे इंधनाचा खर्च किती असे कॉलम असतात. जिथे युनिट नगण्य आणि स्थिर खर्च कोटींत दिसतो तिथे पेन्सिलने खूण करा, कारण हे पैसे आपल्याच बिलातून जातात. मोठे करार दरवेळी जाहीर सुनावणीला येतीलच असं नाही, पण त्यांचा खर्च या तक्त्यात येतोच, तिथेच पकडायचं.

मग हरकत लिहायची. पहिलं, वर्षाची सरासरी नको, तासातासाची मागणी दाखवा म्हणा. दुपारी सोलर भरपूर आणि संध्याकाळी सातला टंचाई असेल तर दिवसरात्र चालणारा नवा कोळसा प्लांट हाच उपाय कसा, हे त्यांनी सांगायला पाहिजे. दुसरं, खरेदी टप्प्याटप्प्याने करा, थोडी दीर्घ मुदतीची, थोडी मध्यम, थोडी एक्स्चेंजवरची, म्हणजे वीज बाजारातून लागेल तशी. तिसरं, साठवणुकीचा हिशोब मागा. कोयनेचे 1,960 मेगावॅट संध्याकाळी मागणी सर्वात जास्त असते तेव्हा फार कामाचे, पण ती वीज बहुतेक पाणी पश्चिमेकडे वळवून होते आणि त्या पाण्याला मर्यादा आहे, म्हणून बॅटरी आणि घाटघरसारखे पंप्ड स्टोरेज (वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा सोडून वीज करायची) किती घेणार ते विचारा. चौथं, सौर कृषी वाहिनी योजनेतून तुमच्या तालुक्यातले शेतीचे किती फीडर (वीज पोचवणाऱ्या लाइन) दिवसा चालू झाले ते विचारा, कारण मोटर दिवसा चालली की रात्रीची मागणी तेवढी कमी होते.

नाव, पूर्ण पत्ता, ईमेल द्या आणि सुनावणीत बोलायचंय हे स्पष्ट लिहा, हे बरेच जण विसरतात. बोलायला वेळ थोडाच मिळतो म्हणून भाषण नको, पान नंबर सांगून थेट प्रश्न विचारा.

ऑर्डर आली की हरकतींच्या भागात तुमच्या मुद्द्यावर महावितरणचं उत्तर आणि आयोगाचं मत शोधा. नुसती नोंद घेतली असेल तर तोच मुद्दा नव्या आकड्यांसकट पुढच्या याचिकेत परत टाका.