लसूण अख्खा गिळू नका, ठेचून दहा मिनिटं ठेवा

सकाळी उपाशीपोटी लसणाची अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळायची, माझे बाबा कित्येक वर्षं हेच करत होते, बीपी आहे ना म्हणून. तुमच्याही घरी कोणी करत असेल तर प्लीज हे वाचून दाखवा.

सोललेली पाकळी नाकाशी धरा, वास फारसा येत नाही. तीच खलबत्त्यात टाकून एक दणका द्या, लगेच झणका बसतो डोळ्यापर्यंत. हा झणका म्हणजे ॲलिसिन, गंधकाचं एक संयुग, आणि ते पाकळीत आधी नसतंच, ॲलीन नावाचा घटक आणि ॲलिनेज नावाचं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, पाकळी फुटली की एकत्र येतात आणि मग ॲलिसिन तयार होतं, अख्खी गिळली तर ते नीट तयारच होत नाही. उष्णतेने हे एन्झाइम मरतं, म्हणून ठेचून लगेच कढईत टाकला तर स्वाद मिळतो पण बाकी फार काही हाती लागत नाही.

तर करायचं असं, एक-दोन पाकळ्या ठेचा, दहा मिनिटं तशाच ठेवा, आणि वरण गॅसवरून उतरवलं की वरून घालून ढवळा. दह्यातल्या कोशिंबिरीतही छान लागतो. नुसता कच्चा खाऊ नका, पोटात आग पडते.

आता फायदा किती? लसणातल्या गंधकाच्या संयुगांपासून आपल्या लाल पेशी हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि त्याने रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैलावतो, हे 2007 साली प्रयोगात दिसलं. ज्यांचं बीपी वाढलेलं आहे त्यांचं थोडं उतरू शकतं, नॉर्मलवाल्यांना विशेष फरक नाही. कोलेस्टेरॉलसाठी मात्र भरवसा ठेवू नका, त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 192 जणांवर सहा महिने ट्रायल घेतली, कच्चा लसूणही दिला, तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, हललं नाही. म्हणून बीपीची असो की कोलेस्टेरॉलची, गोळी बंद करायची नाही म्हणजे नाही.

आणि हे नीट लक्षात ठेवा, लसणाने रक्त गोठायला वेळ लागू शकतो. बाबांची दाढ काढली तेव्हा रक्त थांबता थांबेना, कापूस बदलून बदलून आम्ही घाबरलो, ते ॲस्पिरिन घेत होते आणि वर रोजचा लसूण, आणि लसणाचं डॉक्टरांना सांगायचं कोणाला सुचलंच नव्हतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, वॉरफरिन वगैरे, तर रोज लसूण सुरू करण्याआधी विचारा, ऑपरेशन ठरलं असेल तर आठवडाभर आधी बंद करावा का तेही विचारून घ्या. भाजीतल्या लसणाची काळजी नको, हे रोज मुद्दाम कच्चा खाणाऱ्यांसाठी आहे.

अजून एक, लसणाची चटणी बीपीवाल्यांना चालते, पण त्यात मीठ किती पडतं ते स्वतः बघा.