केदारनाथला हेलिकॉप्टरने जाताय? शेपटीकडे फिरकू नका

केदारनाथच्या हेलिपॅडवर बहुतेक वेळा पाती फिरत असतानाच प्रवाशांची चढउतार होते. सगळ्यांचं लक्ष डोक्यावरच्या मोठ्या पात्यांकडे असतं, पण जास्त घातक शेपटीचा छोटा पंखा. तो इतका गरगर फिरतो की डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. एप्रिल २०२३ मध्ये तिथेच त्याच्या तडाख्याने एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव गेला. कर्मचाऱ्याने खूण केल्यावरच, पायलटला दिसाल अशा बाजूने, वाकून जा. काठी आडवी, कमरेखाली धरा. टोपी, ओढणी आधीच पिशवीत कोंबा; उडालीच तर उडू द्या, मागे धावू नका. सोबत आईबाबा असतील तर त्यांचा हात धरूनच चाला, त्या आवाजात हाक ऐकू येत नाही.