पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका, आणि विम्याच्या इतर चुका

मुंबईत चुनाभट्टीला आमच्या सोसायटीच्या आवारात दर पावसाळ्यात एक-दोनदा तरी पाणी भरतं. काही वर्षांपूर्वी जुलैच्या एका रात्री ते गाड्यांच्या सीटपर्यंत चढलं आणि पहाटे ओसरलं. सकाळी माझे धाकटे दीर चावी घेऊन खाली निघाले. मी म्हटलं, "भाऊजी, मेकॅनिकला येऊ द्या." ते म्हणाले, "वहिनी, एकदा सेल्फ मारून बघतो फक्त, चालू होते का ते." टक असा एक आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी अडकलं.

गाडीला फुल इन्शुरन्स होता. सीट, कार्पेट, वायरिंग यांचे पैसे कंपनीने दिले, इंजिनाचे मात्र नाकारले. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरच्या अहवालात लिहिलं होतं की इंजिनाचं नुकसान पुराने झालेलं नाही, पाणी आत असताना गाडी सुरू केल्यामुळे झालं. आम्हाला राग आला, पण पॉलिसी काढून वाचली तर तसंच होतं. साध्या फुल पॉलिसीत असं मागाहून ओढवलेलं नुकसान धरत नाहीत. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कव्हर घ्यावं लागतं. नूतनीकरणाच्या वेळी चार पैसे वाचावेत म्हणून आम्हीच त्यावरची खूण काढली होती. तेव्हापासून सोसायटीत कुणाचाही क्लेम असला की मी कागद घेऊन सोबत बसते. बहुतेकांचा क्लेम अडतो तो अपघातामुळे अडत नाही. आधी किंवा नंतर घरच्याच कुणी केलेल्या एखाद्या छोट्या गोष्टीमुळे अडतो.

इंजिनात नेमकं काय होतं ते सांगते. हवा आत घेण्याच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात उभी राहिलेली किंवा पाण्यात बंद पडलेली गाडी पाणी ओसरल्यावरही सुरू करायची नाही, आणि धक्का मारूनही नाही. आधी पाण्याची खूण दिसेल असे बाहेरून आणि आतून फोटो काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कंपनीला फोन करा आणि गाडी टो करून गॅरेजला न्या. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दोरीने ओढत नेऊ नका, सपाट ट्रकवर चढवून न्यायला सांगा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर केशरी रंगाच्या वायरींना कुणालाही हात लावू देऊ नका.

इंजिन प्रोटेक्ट घेतलं म्हणून पाण्यात गाडी घालायची असंही नाही. मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता इथे पुढची बस गेली म्हणून आपणही जातो, पण बसची उंची आणि आपल्या गाडीची उंची यांत केवढा फरक आहे! चाकाच्या निम्म्यावर पाणी दिसलं की मागे फिरा. आणि पाण्यात अडकलातच, पाणी वाढतंय असं दिसलं, तर गाडीचा विचार सोडा. काचा लगेच खाली करा, बेल्ट काढा, मुलांना घेऊन बाहेर पडा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्याने कधी बंद पडतील याचा भरवसा नसतो. त्या अडकल्याच तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तू मारा. समोरची काच दोन थरांची असते, ती तशी फुटून मोकळी होत नाही.

दुसरी चूक तारखांची, आणि ती शिकलेल्या माणसांकडूनही होते. सप्टेंबर 2018 पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, एकदम 3 वर्षांचा आणि दुचाकीला 5 वर्षांचा घ्यावा लागतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर दोन तारखा छापलेल्या असतात, आपण लांबची वाचतो आणि निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षी खांबाला गाडी घासते, तेव्हा कळतं की आपल्या गाडीचा विमा चार महिन्यांपूर्वीच संपलाय. आज घरी गेल्यावर ती दुसरी तारीख शोधा आणि फोनमध्ये तिच्या पंधरा दिवस आधीची आठवण लावून ठेवा. मुदत संपून 90 दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनसही जातो.

या बोनसचा हिशोब नीट समजून घेण्यासारखा आहे. क्लेम न घेतल्यास पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के सवलत मिळते, ती फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर. एक क्लेम घेतला की ती शून्यावर येते. समजा तो हप्ता 10,000 रुपये आहे आणि तुमचा बोनस 50 टक्के, म्हणजे वर्षाला 5,000 वाचतात. बंपर बदलायचाय, भाग 3,000 चा, मजुरी 1,500. प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापतात, म्हणजे भागाचे 1,500 आणि मजुरीचे 1,500 धरले जातात. त्यातून 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये सक्तीने वजा होतात. हातात 2,000 येतात आणि पुढच्या वर्षी 5,000 जातात. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, असेल तर आकडे थोडे सुधारतात, पण छोट्या खरचट्याला क्लेम करण्याआधी ही वजाबाकी कागदावर मांडून बघा. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकलीत तर तो आपल्याकडे ठेवून नव्या गाडीला लावता येतो. आणि कंपनी बदलताना, मागे क्लेम घेतलेला असूनही "घेतला नाही" असं लिहू नका. एजंट म्हणतो, कोण बघतंय? मोठा क्लेम आला की कंपनी आधी तेच बघते.

हप्ता कमी दिसावा म्हणून गाडीची जाहीर किंमत, म्हणजे आयडीव्ही, खाली ओढण्याचीही एक पद्धत आहे. गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम त्याच आकड्यावर ठरते. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे हवी. खासगी गाडी भाड्याने फिरवून अपघात झाला तर क्लेम नाकारला जातो, मग भाडं एकाच दिवसाचं असलं तरी.

आता घरातल्या माणसांबद्दल बोलते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. जुन्या स्कूटरला "फक्त थर्ड पार्टी पुरे" असं आपण सहज म्हणतो. मागे बसलेली बायको ही थर्ड पार्टी आहे असंच आपण धरून चालतो. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की केवळ कायद्यापुरत्या, म्हणजे फक्त थर्ड पार्टीच्या, पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती येत नाही. खासगी कारमध्ये बसलेल्या घरच्यांचंही तसंच आहे. फुल पॉलिसी असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर निदान प्रवाशांसाठीचं अपघात कव्हर वेगळं घ्या, त्याला फार पैसे लागत नाहीत.

तसंच 15 लाखांचं सक्तीचं अपघात कव्हर असतं, ते मालक स्वतः गाडी चालवत असेल तेव्हाचं. गाडी बाबांच्या नावावर आणि रोज चालवतो मुलगा, तर ते मुलाला लागू होत नाही. आणि वडील गेल्यावर गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याच नावावर राहते. मालकाच्या निधनानंतर पॉलिसी 3 महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोवरच, चालते. त्या दुःखात आरटीओचं कुणाला सुचणार, हे मला कळतं. पण घरातल्या एका माणसाने तेवढं काम अंगावर घ्यावं. जुनी गाडी विकत घेतल्यावरही 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो.

आणि कृपा करून दहावीतल्या मुलाला "क्लासपर्यंतच जातोय" म्हणून स्कूटर देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकांना 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स मिळत नाही. त्याच्या हातून कुणी जखमी झालं तर कंपनी त्या माणसाला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. अशा वेळी "गाडी मी चालवत होतो" असं सांगायला बाप पुढे होतो. ते करू नका. सीसीटीव्ही प्रत्येक नाक्यावर आहेत, आणि खोट्या जबाबावर उभा केलेला क्लेम टिकत नाही.

मागच्या सीटवर बेल्ट लावायला आपल्याला अजून संकोच वाटतो. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा मृत्यू झाला तेव्हा ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. आज्जीला बेल्ट टोचत असेल तर तिच्या खांद्याशी मऊ कापड ठेवा, पण लावा. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसू नका. एअरबॅग उघडते तेव्हा बाळ मधे सापडतं. बाळाची सीट मागेच हवी.

गणपतीला कोकणात जाताना दिवसभर ऑफिस करून रात्री अकराला निघण्याची पद्धत आता मोडायला हवी. पहाटे तीन ते पाच या वेळेत डोळा लागतो, चहा कितीही घेतला तरी. दोन चालवणारे नसतील तर पहाटे उठून निघा. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकू नका. सतत दाबून तापलेले ब्रेक ऐनवेळी धरत नाहीत, खालच्या गिअरवर उतरा. पाऊस जोराचा लागला की चारी इंडिकेटर लावून चालवणारेही बरेच दिसतात. त्यात तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळतच नाही. चालत्या गाडीला हेडलाईट पुरे, चारी इंडिकेटर उभ्या गाडीसाठी.

अपघात झालाच तर आधी माणूस बघा, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112. मग फोटो आणि कंपनीला फोन. सर्व्हेअर येण्याआधी गॅरेजवाल्याला भाग उघडू देऊ नका.

क्लेम नाकारला तर तोंडी उत्तरावर थांबायचं नाही. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) 155255 या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मुंबईच्या बऱ्याच भागासाठी विमा लोकपालांचं, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांचं, कार्यालय सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. जाताना सर्व्हे रिपोर्टची प्रत, नकाराचं पत्र, पॉलिसीची सगळी पानं आणि पाण्याची खूण दिसणारे फोटो घेऊन जा. आमच्याकडे त्या दिवशी फोटो नव्हते, सोसायटीचं आवार दुपारपर्यंत धुऊन झालं होतं.