हिवाळ्यात फ्लॅट गरम ठेवायचा, तोही कमी खर्चात

नाशिक, निफाड, जळगाव, नागपूर, पुण्याचा पाषाणकडचा भाग, इथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्या, आपल्याकडे दिवस थंड नसतो, रात्र थंड असते. निफाडचा पारा पाच-सहावर गेला अशी बातमी येते त्याच दिवशी दुपारी उन्हात उभं राहिलं की स्वेटर काढावासा वाटतो. म्हणजे ऊब फुकट मिळतेच आहे, ती दुपारी घरात घ्यायची आणि सकाळपर्यंत धरून ठेवायची, बास. दिल्लीवाल्यांसारखं दिवसरात्र हीटर लावायची वेळ आपल्यावर येत नाही.

पण बहुतेक घरांत होतं नेमकं उलटं. सकाळी गारठा म्हणून सगळं बंद, मग सगळे कामाला गेले की दुपारभर पडदे तसेच ओढलेले, आणि संध्याकाळी सातला घरी आलं की जरा हवा येऊ दे म्हणून खिडक्या सताड उघडायच्या. दिवसभरात घरात जी थोडीफार ऊब साठली असेल ती लगेच बाहेर जायला लागते. त्यापेक्षा दहा-अकराला बाहेरची हवा तापली की खिडक्या उघडा, दक्षिणेचे आणि पश्चिमेचे पडदे पूर्ण बाजूला करा, आणि साडेपाचच्या आत सगळं बंद. डासही त्याच वेळी आत येतात त्यामुळे तेही काम होतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, नाशिकला भर दुपारीसुद्धा साधारण ४७ अंशांवरच, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन चांगलं आतपर्यंत फरशीवर येतं. त्या जागेवर सोफा किंवा गालिचा ठेवू नका, फरशी आणि भिंत तापू द्या, काँक्रीट तापायला वेळ लावतं पण निवायलाही वेळ लावतं. दुपारी घरी कोणी नसेल तर निदान पडदे तरी उघडे ठेवून जा, बंद काचेतूनही ऊन आत येतंच.

आता फटी. खरी गळती इथे आहे आणि इथेच सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक पडतो. रात्री पंखे बंद करून एक अगरबत्ती पेटवा आणि ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीच्या कडेकडेने हळू फिरवा. जिथे धूर सरळ वर जायचा सोडून एकदम आडवा होतो तिथून वारा येतोय. (पडदा आधी बाजूला करा, ठिणगी पडायला नको.) साधारणपणे दोन काचा एकमेकांवर येतात ती मधली उभी रेघ आणि खालच्या ट्रॅकचे कोपरे, हे दोन मुख्य चोर. शटरच्या, म्हणजे काचेच्या सरकत्या चौकटीच्या, खाचेत एक केसाळ पट्टी असते, काही वर्षांत ती झिजून सपाट होते किंवा गळून पडते. ॲल्युमिनियम सेक्शनवाल्याकडे ती मीटरवर मिळते, वूल पाइल म्हणा किंवा सरळ जुना तुकडा दाखवा, जाडी तीच हवी. फोमची चिकट टेप स्लायडिंगला लावू नका, दोनदा सरकवलं की गोळा होते, ती दरवाजाच्या चौकटीला बरी. आणि ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पाणी जायला जी भोकं असतात ती सिलिकॉनने कायमची बुजवू नका, पावसाळ्यात पाणी थेट घरात येईल, हिवाळ्यापुरता कापडाचा बोळा पुरे.

मेन दरवाजाखालची फट बघा, जिन्यातला गारठा तिथून येतो. दोन्ही बाजूंनी फोमची गुंडाळी असलेलं डोअर सील शे-दीडशेत मिळतं, नाहीतर जुन्या जीन्सचा पाय चिंध्यांनी भरून दोन्ही टोकं शिवून टाका, तितकंच काम करतो. बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांमधूनही भरपूर वारा येतो पण ती मात्र कधीच बंद करायची नाही, विशेषतः आत गॅस गीझर असेल तर. त्याच्यातून कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो, त्याला ना वास ना रंग, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. त्यामुळे खिडकी उघडीच ठेवा आणि बाथरूम वापरात नसताना त्याचं दार बाहेरून लावून घ्या, त्यालाही खाली डोअर सील लावलं की बाकीचं घर वाचतं. याच कारणासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवणं, हे अजिबात नको. दरवर्षी यात माणसं जातात.

पडद्यांवर नवीन खर्च नको. आहे त्या पडद्यामागे जुनी सोलापुरी चादर चिमटे लावून त्याच दांडीवर टांगा, फक्त ती खिडकीपेक्षा बाजूंनी वीतभर जास्त आणि खाली भिंतीला टेकलेली हवी. उत्तरेच्या खिडकीला तसंही ऊन नसतं, तिथे काचेवर पाणी फवारून बबल रॅप चिकटवा, फुग्यांची बाजू काचेकडे, उजेड येत राहतो. फरशीवर जिथे पाय पडतात तिथे खाली चटई, वर सतरंजी. पोरं खेळतात त्या फोमच्या जोडायच्या मॅट तर व्हिट्रिफाइड टाइल्सवर फारच छान.

झोपायची खोली शक्यतो पश्चिमेची किंवा दक्षिणेची घ्या, पलंग उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब ओढा. दोन पांघरुणं वाढवण्याआधी एक गोधडी अंगाखाली घ्या, गारठा खालूनही येतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी झोपायच्या वीसेक मिनिटं आधी पायाकडे ठेवायची, पाणी उकळतं नको, वर टॉवेल हवाच. डायबेटिसमुळे पायाची संवेदना कमी झालेले आजी-आजोबा आणि तान्ही बाळं यांच्या अंथरुणातून मात्र झोपण्याआधी ती काढून घ्या, भाजलेलं त्यांना कळत नाही किंवा सांगता येत नाही. ओले कपडे रात्री खोलीत वाळत घालू नका, गारवाही वाढतो आणि भिंतीला बुरशी येते.

एवढं करूनही घरात कोणाला सोसत नसेल तर आधी इलेक्ट्रिक ब्लँकेट बघा, शंभरेक वॅटमध्ये काम होतं. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट खातो, रोज ४ तास धरले तर महिन्याला २४० युनिट, म्हणजे बिल सरळ वरच्या स्लॅबमध्ये. तरी हीटर घ्यावाच लागला तर तो १६ अँपिअरच्या जाड पिनच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डवर कधीच नाही, पडदा आणि पांघरूण तीन फूट लांब, झोपायच्या आधी अर्धा तास लावा आणि अंथरुणात शिरताना बंद करून प्लग काढून ठेवा.